तटबंदी आणि विश्वास

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस असीरगड उभा आहे. दक्षिणेची किल्ली म्हणून नावाजलेला हा दुर्ग इ. स. १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडला. अकबराचा दरबारी इतिहासकार रोगराईचे कारण सांगतो. जेझुइटांचा वृत्तांत लाचेचे. दुसरे खरे मानले, तर तट अभंग राहिला आणि माणसे फुटली असे म्हणावे लागेल.

माहितीची सुरक्षितता आणि व्यक्तीचे खाजगीपण आज एकच समजले जाते, म्हणून हे स्मरण. सुरक्षितता ही तटबंदी होय. माहिती चोराच्या हाती पडू नये एवढेच ती पाहते. खाजगीपणाचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे : ती माहिती मागण्याचा अधिकार मुळात होता काय? कुलूप भक्कम असले म्हणजे आतली वस्तू न्यायाने आली असे ठरत नाही.

हा प्रश्न आमच्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७५ च्या खटल्यात पोलिसांच्या पाळतीस व घरभेटींस आव्हान होते. न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत. परंतु खाजगीपणाचा हक्क गृहीत धरून त्यांच्या वापरास मर्यादा घातली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरविला.

ज्याचे वर्तन स्वच्छ, त्याला लपवावयाचे काय, असे कोणी विचारतात. अपत्यासाठी नवस बोलणाऱ्या स्त्रीने कोणते पाप केलेले असते? तरीही तिचे दुःख गावभर व्हावे, असे कोणता सज्जन म्हणेल?

देवस्थानांना हा विचार परका नाही. गुप्तदान स्वीकारणारा विश्वस्त दात्याचे नाव जपतो, ते पेटी मजबूत आहे म्हणून नव्हे, तर ते नाव उघड करणे न करणे दात्याच्या इच्छेवर आहे म्हणून. आता भक्तनिवासात आधारपत्राची प्रत आणि पावतीवर दूरध्वनी क्रमांक घेतला जातो. संसदेच्या २०२३ च्या कायद्याने संगणकीय स्वरूपातील अशी माहिती बाळगणाऱ्यास विश्वस्ताच्याच अर्थाचे नाव दिले आहे. सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे.

सद्हेतू असूनही वही उघडी टाकणारा विश्वस्त दोषीच. परंतु वही कुलुपात ठेवून तिच्यातील क्रमांक व्यापाऱ्यास देणारा अधिक दोषी, कारण तेथे तट शाबूत असतो आणि दार आतूनच उघडलेले असते. म्हणून प्रत्येक रकाना आखताना, हे विचारण्याचे आम्हांस प्रयोजन काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला पाहिजे. जे घेतलेच नाही, त्याची राखण करावी लागत नाही.