एका हंगामाचे रहिवासी

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य फार लवकर रुळते. शेजारचा कोणी गल्लीतल्या पाण्याविषयी किंवा मुलांच्या शाळेविषयी चार गोष्टी बोलावयास आला, की आपण सौजन्याने म्हणतो, “आम्ही काय, दोन-तीन वर्षांचे पाहुणे!” वाक्य नम्र आहे, पण त्या नम्रतेआड एक सोयीची सुटका दडलेली असते. पाहुण्याला अंगण झाडावे लागत नाही. उलटपक्षी, पाहुण्याला घरात वाटाही मिळत नाही. थोड्या काळासाठी आलेला माणूस त्या जागेचे काय देणे लागतो, आणि ती जागा त्याचे काय देणे लागते, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आहे. त्याचा विचार करताना आपल्या नोकरीचे उदाहरण आम्ही मुद्दामच बाजूस ठेवीत आहोत. आपल्यामागे कायम नोकरीची ऊब आहे, आणि उबेत विचार सुस्तावतो. ज्यांचा संसार बर्फ पडल्यापासून बर्फ वितळेपर्यंतच चालतो, अशा परदेशी हंगामी कामकऱ्यांचे उदाहरण अधिक झोंबणारे आहे.

पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्की हा खेळ गुलमर्ग किंवा औली पाहिलेल्या वाचकांस ठाऊक असेल. आल्प्समध्ये, कॅनडाच्या पश्चिम भागात, जपानच्या होक्काइडो बेटावर या एका खेळावर गावेच्या गावे जगतात. हिवाळा लागला की अशा गावाची वस्ती कित्येक पटींनी फुगते. आलेल्यांना डोंगरावर चढवावयाचे, जेवू घालावयाचे, त्यांच्या खोल्या झाडावयाच्या, त्यांच्या मुलांना घसरावयास शिकवावयाचे. त्यासाठी चार महिने हजारो हात लागतात आणि पुढचे आठ महिने त्यांतले फार थोडे. असे हात गावात पुरेसे नसतात. ते बाहेरून येतात. बाहेरून म्हणजे बहुधा परदेशातून, आणि बहुधा विशी-पंचविशीतले. ऑस्ट्रेलियातील तरुण डिसेंबरात आपला उन्हाळा सोडून जपानच्या निसेको गावी लिफ्ट चालवावयास जातात. त्या दोन देशांत तसा करार १९८० पासून आहे. जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांवर बर्फ पडले, की तेथे उलट बाहेरची मंडळी येतात. बर्फाच्या मागे फिरणारी ही एक भटकी जमातच म्हणावी. फरक इतकाच, की हिच्यापाशी पारपत्र असते.

या जमातीत आपल्या देशाचा प्रवेश अगदी अलीकडचा. ऑस्ट्रेलियाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अठरा ते तीस वर्षे वयाच्या भारतीयांस, वर्षाला एक हजारपर्यंत, सोडतीने असे परवाने देण्यास आरंभ केला. वर्षभर राहावे, हिंडावे आणि खर्चापुरते काम करावे, असा त्याचा आशय. मात्र एका धन्याकडे साधारणतः सहा महिन्यांहून अधिक काम करावयाचे नाही, असे त्यात बजाविलेले असते. कायदा ज्याला या म्हणतो, त्यालाच दारातच सांगून ठेवतो, की मुळे धरू नका.

आमच्या एका भाच्याला, नागपूरच्या अभियांत्रिकी पदवीधराला, ही सोडत लागली. २०२५ च्या जूनमध्ये तो स्नोई पर्वतांतील एका स्की-गावी, एका उपाहारगृहाच्या मोरीवर रुजू झाला. ताईचा पहिला उद्गार असा होता : “घरी स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवीत नाही, आणि तिथे साऱ्या गावाची खरकटी काढतोय!” भाच्याचे उत्तर आजच्या तरुणाला शोभेल असेच होते, काम ते काम, त्यात उच्चनीच कसले? वरकरणी या उत्तरात खोट काढण्यासारखे काही नाही. श्रमाची प्रतिष्ठा आपल्या देशाने व्याख्यानांतून पुष्कळ गायिली आहे. एखाद्याने ती साबणाच्या पाण्यात हात बुडवून गायिली तर आपण कौतुकच करावे.

परंतु त्याच पत्रात त्याने सहज म्हणून एक गोष्ट लिहिली होती, आणि आमचे मन तेथे अडले. त्याच्या शेजारी, त्याच मोरीवर, खालच्या खोऱ्यातील गावाहून येणारी पन्नाशीची एक बाई आहे. तिचा हा चौदावा हिवाळा. पाणी तेच, साबण तोच, आणि निदान मजुरीच्या बाबतीत तेथील कायदा दोघांकडे एकाच डोळ्याने पाहतो. जुलै २०२५ पासून तासाला किमान २४ डॉलर ९५ सेंट, आणि हंगामी माणसाला पगारी रजा नाही म्हणून त्यावर चतुर्थांश अधिक. तरीही ते दोघे एकच काम करीत होते असे आम्हांस म्हणवत नाही. भाच्याच्या भेगाळलेल्या हातांचे छायाचित्र घरी येते आणि त्याची गोष्ट होते; त्या बाईच्या हातांना मलम लागते. भाच्याला जी प्रतिष्ठा त्या श्रमात दिसली ती त्या मोरीतून आलेली नव्हती. ती खिशातल्या परतीच्या तिकिटातून उसनी आणलेली होती. ज्याला केव्हाही सोडून जाता येते त्याला कोणतेही काम हलके वाटत नाही. यात त्याचा अपराध आहे असे आमचे म्हणणे नाही. पण श्रमप्रतिष्ठेवर बोलण्याआधी त्याने एकदा शेजारी पाहावे, इतकी अपेक्षा करावयास हरकत नसावी.

अर्थात जाण्याची मुभा ही नेहमी देणगीच असते असेही नाही. तेथे कामकऱ्याच्या नावे धनी भविष्यनिर्वाह निधीत भर घालतो. देश सोडताना परक्याला तो निधी परत मागता येतो. पण अशा हंगामी परवान्यावर आलेल्याच्या बाबतीत त्यातील शंभरांतले पासष्ट डॉलर कर म्हणून कापून घेतात. आम्ही आयुष्यभर अशाच निधीच्या वह्या सांभाळीत आलो असल्याने हा आकडा वाचून आम्हांस क्षणभर खुर्चीत नीट बसावे लागले. म्हातारपणाची तरतूद तू येथे कशाला करतोस, तू येथे म्हातारा होणारच नाहीस, असे तो कायदा म्हणतो. तर्क बिनचूक आहे. जरा जास्तच बिनचूक आहे.

याच तर्काचे खरे उग्र रूप स्वित्झर्लंडमध्ये पाहावयास मिळाले. १९३१ च्या कायद्यानुसार, जो १९३४ पासून अमलात आला, तेथे ‘हंगामी’ नावाचा एक परवाना असे. इटली, स्पेन, पुढे पोर्तुगाल आणि युगोस्लाव्हिया येथील लाखो माणसांनी त्यावर त्या देशाची धरणे, बोगदे आणि रस्ते बांधले, हॉटेलांतील खाटा घातल्या. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने राहावयाचे, मग सीमेबाहेर जावयाचे आणि पुन्हा यावयाचे. धनी बदलावयाचा नाही. बायकामुले आणावयाची नाहीत. हंगामी म्हटलेली ती माणसे दहा-दहा, पंधरा-पंधरा हंगाम येत राहिली, म्हणजे वस्तुतः तेथेच राहत होती. ज्यांना मुलांवाचून राहवेना त्यांनी ती चोरून आणली. ती मुले दिवसभर कोंडलेल्या खोलीत, आवाज न करता, खिडकीपाशी न जाता वाढली. कोणी दार वाजविले की कपाटात शिरावयाचे, असा त्यांचा पाठ असे. तो परवाना २००२ साली रद्द झाला. त्या मुलांपैकी काहींनी, आता ती साठीच्या आसपास पोहोचली आहेत, २०२१ मध्ये संघटना स्थापून सरकारने आपली क्षमा मागावी अशी मागणी केली. आमच्या भाच्याचा हंगाम आणि या मुलांच्या बापांचा हंगाम यांत बर्फाचा फरक नाही. एकाने मुदत स्वतः निवडली. दुसऱ्यांवर ती लादली गेली. ‘तात्पुरता’ हा शब्द माणसाने स्वतःविषयी वापरला तर ती मोकळीक असते; दुसऱ्याने त्याच्याविषयी वापरला, तर बहुधा तो निवाडा असतो.

एखादे गाव आपल्या तात्पुरत्या माणसांना काय मानते हे जाणावयाचे असेल तर त्या गावाचे स्वागताचे फलक वाचू नयेत. ती माणसे रात्री कोठे निजतात ते पाहावे.

स्वित्झर्लंडच्या सास खोऱ्यात आज स्कीसाठी जग लोटते. त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला मॅटमार्क येथे १९६५ मध्ये धरण बांधले जात होते. कामकऱ्यांच्या झोपड्या, भोजनगृह आणि कारखाना अलालिन हिमनदीच्या तोंडाखाली उभारलेले होते. ३० ऑगस्टच्या संध्याकाळी हिमनदीचा मोठा तुकडा तुटून त्यांवर कोसळला. ८८ माणसे गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक इटालियन होती. सतरा जणांवर खटला झाला आणि १९७२ मध्ये सारे निर्दोष सुटले. मृतांच्या कुटुंबीयांनी अपील केले. ते फेटाळले गेलेच, शिवाय त्याच्या खर्चाचा अर्धा भार त्यांच्यावरच टाकण्यात आला.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियाची. स्नोई पर्वतांत १९४९ ते १९७४ या काळात जलविद्युत् योजना उभी राहिली. तिच्यावर राबलेल्या एक लाखाहून अधिक माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश परदेशांतून आलेली होती. युद्धात घरे गमावलेले युरोपियन त्यांत पुष्कळ होते. थ्रेडबो हे स्की-गाव वसविण्यातही अशाच निर्वासितांचा हात होता. योजनेच्या बांधकामासाठी १९५० च्या दशकात डोंगराच्या कुशीतून एक रस्ता काढला. काम संपले, रस्ता मात्र नित्याच्या वाहतुकीचा झाला. ३० जुलै १९९७ च्या रात्री त्या रस्त्याचा भराव, फुटक्या जलवाहिनीच्या पाण्याने भिजून, खाली घसरला. त्याने जी दोन घरे गाडली त्यांपैकी एक कर्मचाऱ्यांचे निवासस्थान होते. एकोणीस माणसे ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे पासष्ट तासांनी एक स्की-शिक्षक तेवढा जिवंत निघाला. तेथील मृत बहुतेक त्याच देशाचे होते, तेव्हा परकेपणाचा प्रश्न तेथे लावणे न्याय्य होणार नाही. मॅटमार्कची दुर्घटनाही कोणी दुष्टपणाने घडविली असे आम्ही म्हणत नाही. परंतु चांगली जागा राहणाऱ्याला, त्याहून चांगली पैसे देणाऱ्याला, आणि उरेल ती कामाला आलेल्याला, ही वाटणी कोणी न ठरविताच ठरलेली असते.

कॅनडातील व्हिसलर गावाने या बाबतीत थोडे शहाणपण दाखविले. तेथे घरांचे भाव असे चढले, की हंगामी मुले गाड्यांत निजू लागली. १९९७ मध्ये गावाने एक स्वतंत्र गृहसंस्था स्थापिली आणि तेथे राबणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के लोक गावाच्या हद्दीतच राहतील असे उद्दिष्ट ठेविले. टंचाई संपली नाही. पण जो आपली लिफ्ट चालवितो त्याला आपल्याच गावात निजावयास मिळावे, ही गोष्ट उपकार म्हणून नव्हे तर कर्तव्य म्हणून लिहून ठेवली गेली. लिहून ठेवलेल्या गोष्टीस काय किंमत असते हे आम्हां कारकुनांस कोणी सांगावयास नको.

आता उलट बाजू. जागेने इतके केल्यावर, किंवा न केल्यावरही, त्या माणसाने काय करावे? जुलैअखेर भाच्याची बदली, हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरतो, मोरीवरून लिफ्टवर झाली. तारेवरून खुर्च्या येत राहतात. सकाळी प्रत्येकीवरचे बर्फ झाडावयाचे, चढण्याच्या जागेचा उतार फावड्याने सारखा करावयाचा, आणि मग दिवसभर थांबविण्याच्या बटणाजवळ उभे राहून प्रत्येक माणूस नीट बसला की नाही ते पाहावयाचे. पाच-सहा वर्षांचे पोर अर्धवट बसले आणि खुर्ची पुढे निघाली, तर बटण दाबावयास एखाद-दुसरा क्षण मिळतो. त्या क्षणी, मी येथे ऑक्टोबरपर्यंतच आहे, या वाक्याला काहीही अर्थ नसतो. परवान्याला मुदत असते. बटणावर ठेवलेल्या हाताला ती कोठून असणार? ‘आम्ही काय, पाहुणे’ हे वाक्य आपण चावडीवर, सभेत, निवडणुकीत वापरतो. प्रत्यक्ष कामाच्या क्षणी ते कोणाही प्रामाणिक माणसाच्या तोंडी येत नाही. मग ते एरवी तरी का यावे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

कोणी म्हणेल, मुळे धरू नका असे जो सांगतो त्याच्या जमिनीला पाणी का घालावे? आक्षेप वाजवी आहे, आणि स्वित्झर्लंडच्या त्या बापांना हे पाणी घालण्याचा उपदेश करावयास आमची जीभ धजणार नाही. परंतु ज्याने मुदत स्वखुशीने पत्करली त्याचे प्रकरण निराळे आहे. आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागे एक कढीपत्त्याचे झाड आहे. ते लावणारे गृहस्थ कोण, कोणत्या खात्यातले, हे आम्हांस ठाऊक नाही. झाडाची उंची पाहता त्यांना स्वतःला त्याची फार पाने मिळाली नसावीत. आम्ही मात्र फोडणीपुरते रोज त्यांचे ऋणी असतो.

ऑक्टोबरच्या आरंभी लिफ्ट बंद झाली आणि भाचा खाली उतरला. निघण्यापूर्वी त्याने कामगारांच्या खोलीतील वहीत, पुढल्या जूनमध्ये जो कोणी येईल त्याच्यासाठी दोन पाने लिहून ठेवली. ‘मामा, तुमच्यासारखा चार्ज देऊन आलो,’ असे त्याने आम्हांस कळविले आणि त्या पानांचे छायाचित्रही पाठविले. कोणत्या खुर्चीची बैठक गारठली की अडकते, बूट वाळविण्याच्या खोलीतला कोणता कोपरा खरोखर गरम असतो, मोरीवरच्या बाईंना सकाळी आधी आपण नमस्कार केला तर त्या दिवसभर जड पातेली आपल्याकडे कशी सरकवीत नाहीत, असा सारा मजकूर होता. शेवटच्या ओळीत त्या अनोळखी माणसाला सांगितले होते, की तिसऱ्या खाटेवर खिडकीतून वारा येतो, तेव्हा डोके दाराकडे करून निजावे.