हिशेब कोणी मागायचा?

इथे अमेरिकेत आईवडिलांना ॲडमिट करायची वेळ आली की आपण रुग्णालयाच्या नावाशेजारी जॉइंट कमिशनचा सोनेरी शिक्का पाहतो आणि निर्धास्त होतो. सरकारने तपासलं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तपासलेलं असतं एका खाजगी, ना-नफा संस्थेने.

डॉक्टर आणि रुग्णालयांच्या संघटनांनी १९५१ साली ही संस्था काढली. १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा आला आणि त्यातच ठरलं, की या संस्थेने मान्यता दिलेलं रुग्णालय मेडिकेअरच्या अटी पाळतं असं ‘मानलं जाईल’. २००८ च्या कायद्याने तिचं हे खास स्थान काढून घेतलं. आता तिलाही इतर संस्थांसारखा केंद्र सरकारच्या सीएमएस या खात्याकडे अर्ज करावा लागतो. काही रुग्णालयांत सरकारी तपासनीस पुन्हा पाहणी करून या संस्थांचं काम पडताळतात.

या संस्थांची फी रुग्णालयंच भरतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा संशय लगेच येतो. पण परीक्षेची फी विद्यार्थीच भरतो, तरी बोर्ड त्याला नापास करतंच. शिवाय मुरलेल्या नर्सला वॉर्डातली जी चूक दिसते, ती कारकुनाला दिसणार नाही. फरक एवढाच, की विद्यार्थ्याला आपलं बोर्ड सहसा बदलता येत नाही. रुग्णालयाला तपासणारी संस्था बदलता येते.

मला मात्र पैशापेक्षा गुप्तता जास्त खटकते. तक्रारीवरून सरकारी तपासनीस गेले, तर त्यांचा अहवाल लोकांना वाचता येतो. मान्यता देणाऱ्या संस्थेचा अहवाल, थोडे अपवाद सोडले तर, सरकारलाही जाहीर करता येत नाही; कायद्यानेच तशी मनाई आहे. हे अहवाल संस्थांनीच खुले करावेत असा प्रस्ताव सीएमएसने २०१७ मध्ये मांडला आणि काही महिन्यांत मागे घेतला.

गावाकडच्या घराचं मुखत्यारपत्र आपण भावाला देतो. त्यात गैर काही नाही; इतक्या लांबून सगळं कोण बघणार? पण घर आपलंच राहतं आणि हिशेब मागायचा हक्कही. सरकारने तपासणीचं काम दुसऱ्याला दिलं, हेही समजू शकतं. पण मेडिकेअरसाठी कर आपण भरतो आणि खाटेवर माणूसही आपलाच असतो. मग हिशेबाची वही आपल्यापासूनच झाकून ठेवायची, हे कोणत्या न्यायाने? विश्वास ठेवा म्हणणाऱ्याने आधी वही उघडायला हवी.