ब्रेक नेमके कुणाचे?

मदिनत खलीफाचं नाव निघालं की दोहातल्या बहुतेक मराठी मंडळींना ट्रॅफिक खात्याची कचेरी आणि लायसन्ससाठी घातलेल्या खेपा आठवतात. मला मात्र याच भागात राहणाऱ्या एका स्नेह्यांचा प्रश्न आठवतो. प्रश्न गाडीचा होता, पण त्याचं उत्तर मेकॅनिककडे नव्हतं.

त्यांच्या जुन्या गाडीचा ब्रेक मास्टर सिलिंडर गळू लागला होता. सनायातल्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, मोठ्या मॉडेलचा सिलिंडर टाका. बोल्ट जुळतात, पाइप जुळतात आणि पेडलही घट्ट लागेल. तसं केलं. वर्षभर गाडी छान चालली, इस्तिमाऱ्याच्या वेळची फाहेसची तपासणीही पार पडली. पुढे गाडी विकायला काढली. घेणारं जोडपं नुकतंच भारतातून आलेलं. स्नेही म्हणाले, "हा बदल त्यांना सांगायलाच हवा का? सुधारणाच तर केली आहे!"

ही सुधारणा आहे का, ते आधी पाहू. शाळेत आपण शिकलो: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सिलिंडरचा व्यास ७/८ इंचावरून १ इंच केला, तर क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. बाकी सगळं तेच ठेवलं, तर पायाच्या तेवढ्याच जोराला ब्रेक ऑइलमधला दाब जवळजवळ २३ टक्क्यांनी कमी मिळतो. पेडल कमी खाली जातं, म्हणून ते "घट्ट" वाटतं. चाकाजवळचे कॅलिपरही मोठे बसवले असतील तर मोठा सिलिंडर योग्यच. पण तेच जुने असतील तर पायाला जास्त जोर लावावा लागतो. स्नेह्यांच्या पायाला वर्षभरात त्याची सवय झाली होती. ज्या बाईंच्या हाती गाडी जाणार होती, त्यांच्या पायाला ती नव्हती.

आमच्या आयटीच्या धंद्यात याचं मोठं उदाहरण आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यात एरियन ४ मधल्या सॉफ्टवेअरचा एक भाग तसाच वापरला होता. जुन्या रॉकेटमध्ये तो बिनचूक चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता आणि तो आकडा ठरवलेल्या जागेत मावला नाही. भाग वाईट नव्हता, फिटही बसला होता. तो दुसऱ्या यंत्रासाठी बनला होता, इतकंच.

आता दुसरी बाजू. आपण जुगाड करणाऱ्यांच्या देशातून आलो. मूळ भाग मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. गळका सिलिंडर ठेवण्यापेक्षा दुसरा बसवलेला काय वाईट? हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. गाडी माझी, पैसे माझे, हेही खरं. मी गाडीत मोठे स्पीकर लावले किंवा सीटची कव्हरं बदलली, तर फसल्याचा भुर्दंड मलाच. ब्रेकचं तसं नाही. ते लागले नाहीत तर किंमत मोजणारा माणूस बहुधा समोरून रस्ता ओलांडत असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

त्याच्या वतीने विचारायला कायदा असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सांगितलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. इथली तपासणीसुद्धा माझ्या मते त्या अनोळखी पादचाऱ्याने विचारलेला प्रश्नच आहे. पण तपासणी जे मोजता येतं तेवढंच मोजते. चाकाला ब्रेक लागतो का, हे तिला कळतं. घाबरलेल्या क्षणी नवख्या पायाला किती जोर लावावा लागेल, हे कळत नाही. तिथून पुढची जबाबदारी ज्याला माहीत आहे त्याची.

म्हणून स्नेह्यांना मी एवढंच म्हटलं, "सुधारणा असेल तर जाहिरातीत लिहा की!" ते थोडे रागावले. पण लिहिलं नाही तरी त्या जोडप्याला त्यांनी सांगितलं. जोडप्याने आभार मानले आणि दुसरी गाडी घेतली. आमच्या स्नेह्यांना मूळ मापाचा सिलिंडर मागवून बसवावा लागला, आणि गाडी विकायला आणखी दोन महिने लागले. खर्चाचा आकडा ते मला अजून ऐकवतात.

परदेशात आपण एकमेकांच्या गाड्या, फर्निचर, भाड्याची घरं, सगळं विश्वासावर घेतो. मंडळातल्याच माणसाची गाडी आहे म्हटल्यावर कुणी बॉनेट उघडून बघत नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गाडी विकताना जे बदललं आहे ते एका कागदावर लिहून चावीबरोबर द्या. दोन पैसे कमी मिळतील, पण घेणाऱ्याला आपल्या हाती काय आलं आहे ते कळेल.