नसण्याची साक्ष

जे आहे ते डोळ्यांना दिसते. पण जे नाही, ते कोणत्या साधनाने कळते? जमिनीवर घडा नाही, एवढ्या साध्या वाक्यापाशी आपले दार्शनिक शतकानुशतके थांबले होते. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण मानले, अद्वैत वेदान्ताने ते स्वीकारले, प्रभाकरांच्या अनुयायांनी नाकारले. नैयायिकांनी अभावाला पदार्थांत मानाची जागा दिली, पण त्याच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण हवे हे काही मान्य केले नाही. हा वाद पोथ्यांच्या कपाटात शोभणारा आहे असे वाटते खरे. पण ज्या घरात ससा पाळलेला आहे, तिथे हा वाद रोज सकाळी, केरसुणी हातात घेतल्यावर, नव्याने उभा राहतो. सशाच्या कोपऱ्यात रात्रभरात साचलेल्या लेंड्या असायला हव्यात. त्या असल्या की आपण त्या केरात लोटतो आणि विसरतो. नसल्या, तर त्या स्वच्छ फरशीइतके भयसूचक दुसरे काही नसते, आणि जे नाही तेच त्या दिवशीचे सर्वांत मोठे वर्तमान ठरते.

इतर पाळीव प्राण्यांचे दुखणे काही ना काही घडून कळते. कुत्रे कण्हते, मांजर ओकते, गाय हंबरते. सशाला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की गिळलेल्याला परतीची वाट उरत नाही. कण्हणेही त्याच्या स्वभावात नाही. ज्याच्यावर लांडगा, कोल्हा, घार या साऱ्यांची नजर असते, त्या जीवाच्या कुळात दुखणे दाखवणे म्हणजे आपली निवड आपणच सुचवणे. म्हणून असंख्य पिढ्यांनी त्याला वेदना गिळायला शिकवले. हे शिक्षण तो आपल्या दिवाणखान्यातही विसरत नाही. सोफ्याखाली बसलेला, वरून शांत दिसणारा ससा आपल्यावर विश्वास ठेवत असेलही, पण त्याचे शरीर अजून आयबेरियाच्या माळरानावरच्या बिळाशी एकनिष्ठ असते. माणसाळण्याला अशी एक सीमा असते. प्रेम तिच्या पलीकडे पोहोचते, भय मात्र अलीकडेच ठाण मांडून बसते.

या मुक्या जीवाच्या पोटात जे चालते, ते ऐकण्यासारखे आहे. गवताचा प्रत्येक घास आतड्यांत दोन वाटांना लागतो. भरड तंतू वेगाने पुढे सरकतात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात; बारीक कण आणि द्रव मागे ओढले जाऊन अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत जातात, तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव त्यांना आंबवतात, आणि त्यातून तयार झालेले मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके ससा बहुधा निवांत वेळी, थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन, न चावता गिळतो. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने 1882 मध्ये या दुहेरी पचनाचे वर्णन केले. आपल्या शुचितेच्या कल्पनांना ते अवघड वाटेल. पण रवंथ करणाऱ्या गाईने जे काम चार कप्प्यांच्या पोटात आतल्या आत उरकले, तेच सशाने शरीराबाहेर एक वळसा घेऊन साधले आहे, इतकेच. या व्यवस्थेची अट एकच, ती कधीही थांबता कामा नये. दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून त्यांना गवताची घासणी हवी, आणि आतडी हलती राहावीत म्हणून त्यांना गवतातल्या तंतूंचा रेटा हवा. विश्रांती हे आपण सुखाचे लक्षण मानतो; सशाच्या आतड्यांना मात्र विश्रांती परवडत नाही.

मग ती का थांबतात? कारणे बहुधा क्षुद्र दिसतात. गवत कमी आणि गाजर, बिस्किटे, पोळीचे तुकडे जास्त. पाण्याचे भांडे कोरडे. दाढेला आलेले टोक जिभेला टोचते आहे. मे महिन्याची तलखी. सोबतचा ससा गेला. किंवा दिवाळीच्या रात्री खिडकीखाली फटाक्यांची माळ लागली. पोटात सापडणाऱ्या केसांच्या गोळ्याला पूर्वी दोषी धरले जाई. आता असे मानले जाते की केस पोटात असतातच, आतडी मंदावून आतला ऐवज सुकला की त्यांचा गोळा होतो, म्हणजे ज्याला आपण कारण समजत होतो ते पुष्कळदा परिणामच होते. यांतले भयाचे कारण मला सर्वांत विचारात पाडते. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन 1898 च्या सुमारास नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत होता; मांजर बिथरले की त्या लाटा थांबत, थोपटून शांत केले की पुन्हा सुरू होत. भीती पोटात असते हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक होते, तिथे गोळा येतो. प्रयोगशाळेने फक्त तो डोळ्यांनी पाहिला. सशाच्या बाबतीत मात्र हा गोळा सहज विरघळत नाही. आतडी थांबली की वायू साचतो, वायूने दुखते, दुखण्याने भूक जाते, भूक गेली की आतडी आणखी थांबतात. संसारातल्या अनेक दुःखांची रचना अशीच वर्तुळाकार असते. त्यांत आरंभ शोधत बसण्यापेक्षा वर्तुळ कुठेतरी तोडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

उपाशी सशाच्या देहात काय होते, याचा एक विलक्षण दाखला शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याच्या 1865 च्या ग्रंथात आहे. बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र स्वच्छ आणि आम्लधर्मी आहे, हे त्याच्या ध्यानात आले. शाकाहारी सशाचे मूत्र गढूळ आणि अल्कधर्मी असायला हवे. हे तर मांसाहाऱ्याचे लक्षण. त्याने सशांना गवत दिले, मूत्र गढूळले. उपाशी ठेवले, पुन्हा निवळले. निष्कर्ष असा की उपाशी प्राणी, मग तो कोणत्याही जातीचा असो, स्वतःच्याच देहावर जगतो आणि म्हणून मांसाहारी असतो. पुढे त्याने सशांना उकडलेले गोमांस खाऊ घालून याचा पडताळाही घेतला. पशूंवरील प्रयोगांच्या त्या निर्दय युगाबद्दल मनात जे काही उठते ते उठू द्यावे, पण निष्कर्षातले सत्य आजही सशाच्या प्रत्येक उपवासात खरे ठरते. खाणे थांबले की शरीर आपली चरबी सोडू लागते, ती यकृतात साचते, आणि ते बिचारे यकृत त्या भाराने निकामी होऊ लागते. आपल्या परंपरेत उपवास ही इंद्रियजयाची वाट आहे. सशाला मात्र एकादशी झेपत नाही. तपाचे मोल ते करणाऱ्याच्या देहावर अवलंबून असते, हे आपण माणसे फार उशिरा शिकतो.

म्हणून पाहणे महत्त्वाचे. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ड्यूररने 1502 मध्ये रंगवलेला एक ससा आहे. तो रानससा, आपल्या पाळीव सशाचा दूरचा नातलग. पण त्याच्या मिशांचा एकेक केस, कानांचा तोल, दुमडलेले पाय चित्रकाराने ज्या निष्ठेने पाहिले आहेत, ती निष्ठा पुढच्या शतकांनी वैद्यकाला दिली. 2012 मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी मांडली: आवळलेले डोळे, सपाट झालेले गाल, नाकाचा बदललेला आकार, मिशांची ठेवण, कानांची ठेवण, अशा पाच खुणा. घरातल्या माणसालाही या खुणा वाचता येतात. पाठ उंचावून आक्रसून बसणे, पोट फरशीला दाबणे, पुन्हापुन्हा जागा बदलूनही कुठेच न विसावणे, कान गार पडणे, आणि दात करकरा खाणे. थोपटताना येणारी दातांची हलकी, समाधानी कुरकुर वेगळी, ही करकर वेगळी. त्याआधीही एक सूचना येऊन गेलेली असते: लेंड्या लहान होत गेलेल्या, वेड्यावाकड्या, कधी केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या. आणि सगळ्यांत स्पष्ट म्हणजे आवडती कोथिंबिरीची काडी नाकापुढे धरली असता मान फिरवणे. मीमांसकांनी इथे एक मार्मिक अट घातली होती. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हे प्रमाण; तिला ते योग्यानुपलब्धी म्हणत. अंधारात घडा दिसला नाही, यावरून तो नाही असे ठरत नाही. ज्याने आपल्या सशाचे रोजचे खाणे, रोजची धाव, रोजचा केर कधी नीट पाहिलाच नाही, त्याच्यासाठी सशाचे सारे आयुष्यच अंधारात असते. अभाव त्यालाच दिसतो, ज्याला भाव परिचित आहे.

बीट्रिक्स पॉटरच्या 1902 च्या गोष्टीत खोडकर पीटर मळ्यात घुसून सलाडची पाने, शेंगा, मुळे हादडतो, पोट बिघडते म्हणून अजमोद्याची पाने शोधतो, आणि घरी आल्यावर आई त्याला कॅमोमाइलचा काढा पाजून झोपवते. पॉटरबाईंनी स्वतः ससे पाळले होते, त्यामुळे सशाचे पोटच तिथे कथानक चालवते, हे काही नवल नाही. पण खऱ्या सशाला ती काढ्याची रात्र परवडत नाही. सकाळपर्यंत वाट पाहू, हे वाक्य माणसांच्या दुखण्यात संयमाचे असते. सशाच्या दुखण्यात त्याचा अर्थ बदलतो, कारण बारा तास काहीही न खाणे हे त्याच्यासाठी संकटच मानतात. काळ सर्वांना सारखा वाहतो असे आपण म्हणतो, पण ज्याचे हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके देते, त्याच्या एका रात्रीत आपल्या कितीतरी रात्री मावतात.

आणि तरीही घाईला विवेक हवा. इथे करुणेची खरी कसोटी लागते, कारण उपाशी जीवाला भरवणे ही आपली पहिली ऊर्मी. आतडी नुसती मंदावली असतील तर वेदनाशामक, कोमट द्रव, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सिरिंजमधून दिलेले तंतुमय खाद्य ही वर्तुळ तोडणारी साधने ठरतात; वेदना शमली की भूक आपली वाट शोधू लागते. पण केसांच्या घट्ट गोळीने किंवा गिळलेल्या गालिच्याच्या धाग्याने आतडे खरोखर अडले असेल, तर ससा काही तासांतच ढेपाळतो, पोट वायूने ताणून कडक होते, अंग गार पडते. अशा वेळी प्रेमाने भरवलेला घास घात करतो. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच मुक्या. रक्तातली साखर त्यांतला भेद पुष्कळदा सांगते: 2012 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसले की ती डेसिलिटरमागे 360 मिलिग्रॅमच्या वर गेली असेल तर अडथळ्याची शंका बळावते. हे घरी कळणारे नव्हे. घरी करायचे ते थोडेच. थर्मामीटरचा पारा सशाला शोभणाऱ्या साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअसऐवजी अडतीसच्या खाली दिसला तर त्याला ऊब द्यावी, पोट कडक असेल तर काहीही भरवू नये, आणि सशांची जाण असलेल्या डॉक्टरांकडे तत्काळ निघावे. घरच्या कपाटातली गोळी तर देऊच नये. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक, जे आपल्या मुलांना सर्रास दिले जाते, सशाच्या अंधनालेतले मित्रजंतू मारून विषारी जंतूंना रान मोकळे करून देते. आपले हात किती चांगले आहेत यापेक्षा ते कधी आवरायचे हे ठाऊक असणे, हीच कदाचित सेवेतली अधिक अवघड विद्या असावी.

जातककथेतला बोधिसत्त्व ससा मला अशा वेळी आठवतो. अतिथीला देण्यासाठी त्याच्यापाशी गवताखेरीज काही नव्हते, म्हणून त्याने स्वतःचा देहच अग्नीत टाकला. शक्राने, म्हणजे इंद्राने, त्याची आकृती चंद्रावर कोरली, आणि आपण पिढ्यानपिढ्या त्या डागात त्याग वाचत आलो. त्या कथेत माणसाच्या बाजूचा विचार सहसा होत नाही. ज्याच्यापाशी फक्त गवत आहे, अशा जीवाला आपल्या घरात आणल्यावर त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा संपते आणि आपल्यावर एक साधे ऋण सुरू होते: त्याचे गवत त्याला मिळत राहावे, आणि ते कुठून कुठे गेले याचा हिशेब कोणाच्या तरी डोळ्यांत राहावा. संकटाच्या घटकेला लागणारे ज्ञान त्या घटकेला मिळत नाही. ते कंटाळवाण्या, काहीच न घडणाऱ्या दिवसांत साठवावे लागते. दवाखान्याच्या टेबलावर ससा ठेवला की डॉक्टर बहुधा सर्वांत आधी दोनच गोष्टी विचारतात: शेवटचे खाल्ले कधी, शेवटची लेंडी कधी. आपले त्याच्यावर किती प्रेम आहे, हे कोणी विचारत नाही. त्या दोन प्रश्नांना दिलेल्या नेमक्या उत्तरातच ते मोजून होते.