बोटांकडे बघा

हात मोडला, प्लास्टर घातलं आणि माणूस घरी आला की सगळ्यांचं लक्ष त्या पांढऱ्या कवचाकडे लागतं. ते भिजू नये, तडकू नये, कशावर आपटू नये. ही काळजी हवीच, पण ती दुसऱ्या नंबरची. आतला हात जिवंत आहे आणि तो आपल्याला दिसत नाही. त्याची खबर देणारी फक्त बोटं बाहेर राहिलेली असतात. घरच्यांनी राखण करायची ती त्या बोटांची.

असं का, ते प्लास्टरच्या स्वभावातच आहे. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतं. त्याला पुन्हा पाणी लागलं की ते गरम होतं आणि काही मिनिटांत घट्ट बसतं. ही भुकटी कापडी पट्टीत घोळवून मोडलेल्या हाडावर गुंडाळायची रीत १८५१च्या सुमारास अँतोनियस माथायसेन या डच लष्करी डॉक्टरने रूढ केली. पट्टी जराही हलत नाही, म्हणून तर हाड जागेवर राहतं. पण मोडलेल्या हाडाभोवती रक्त आणि पाणी साचत असतं, आणि पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच जाते. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत अडकतं, चौकट काही मागे सरत नाही. तसंच इथे होतं. सुजेला बाहेर वाट नसली की ती आत दाबते, स्नायूंना रक्त पुरेनासं होतं, आणि असे साधारण सहा तास गेले तर स्नायू कायमचे मरू लागतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली अशाच हातांचं वर्णन केलं: आवळून बांधल्यानंतर आखडलेले, बोटं आत वळलेली. ते व्यंग आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. कोपराच्या वर हाड मोडलेल्या लहान मुलांमध्ये हा धोका विशेष असतो. हाडवैद्याने बांबूच्या कांबी करकचून बांधल्या तरी तो तितकाच असतो. म्हणूनच सूज उतरेपर्यंत बरेच डॉक्टर पूर्ण प्लास्टर न घालता एका बाजूने स्लॅब लावतात.

आता आपल्या घरातलं एक वाक्य. ‘हाड मोडलंय, दुखणारच की!’ हे धीर देण्यासाठीच म्हटलं जातं, आणि नेमकं तेच घात करतं. हाड नीट बसवून प्लास्टर घातल्यावर दुखणं तासातासाने, दिवसादिवसाने उतरायला हवं. ते चढत असेल, दिलेली गोळी घेऊनही थांबत नसेल, आपण हलकेच बोट सरळ केलं की माणूस कळवळत असेल, तर ते हाडाचं दुखणं नव्हे, गुदमरलेल्या स्नायूंचं आहे. लहान मुलाला हे सांगता येत नाही. ते रडत राहतं, झोपत नाही, पुन्हा पुन्हा औषध मागतं. त्या रडण्याला हट्ट समजू नका. बधीरपणा, मुंग्या, बोटं हलेनाशी होणं ही लक्षणं बहुधा उशिरा येतात. त्यांची वाट पाहत बसायचं नाही.

बोटं बघायची रीत सोपी आहे. नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. दुसऱ्या हाताशी ताडून पाहायचं: तितकंच उबदार आहे का, रंग तोच आहे का? नेलपॉलिश असेल तर पुसून टाका. मेंदीने रंगलेल्या नखांवर हे कळत नाही, तिथे बोटाच्या पेराकडे बघा. अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधीच उतरवायला हव्यात. काचेचा चुडा काढायला पुष्कळ बायकांचं मन धजत नाही, ते मी समजू शकते. पण सुजेवर रुतलेली बांगडी नंतर कापावीच लागते.

सूज कमी राहावी म्हणून हात उंच ठेवायचा. झोपताना उशांवर, छातीच्या वर. झोळीत ठेवताना मनगट कोपरापेक्षा वर राहील इतकी ती आखूड बांधायची. सैल झोळीत पंजा खाली लोंबतो आणि फुगतो. जागेपणी दर तासाला बोटं मिटायची, उघडायची. पाय मोडला असेल तर हेच सगळं पायाच्या बोटांना लागू.

बाकीचं थोडक्यात. साधं प्लास्टर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर ते तळहातांवर पेलून उचलायचं. बोटं रुतली तर खळगा पडतो आणि आतल्या कातडीवर दाब येतो. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधूनही हात पाण्याबाहेरच ठेवायचा. खाज सुटली तर आत विणायची सुई किंवा पट्टी घालायची नाही, पावडरही टाकायची नाही. आत जखम झाली तर ती दिसत नाही, ताप आणि दुर्गंधी आल्यावरच कळते, आणि तसं झालं तर डॉक्टरांनी प्लास्टर उघडून पाहायला हवं.

आणि रात्री दोन वाजता दुखणं वाढू लागलं, बोटं गार किंवा निळसर वाटली, तर उजाडायची वाट पाहू नका. डॉक्टरांची झोप मोडेल म्हणून संकोचू नका. तडक दवाखाना गाठा आणि प्लास्टर सैल करायला सांगा. हाड पुन्हा बसवता येतं, नवं प्लास्टर घालता येतं. मेलेला स्नायू परत आणता येत नाही.