तारणारा कोण, जखमी कोण?

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७

हल्ली आपल्या मंडळ्यांतील मुले परग्रहांवरील युद्धांचे इंग्रजी चित्रपट मोठ्या आवडीने पाहतात. चित्रपटगृहात पाहतात, घरी पाहतात आणि हातातल्या मोबाइलवरही पाहतात. ते पाहू द्यावेत की नाही, असा प्रश्न पालक आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक विचारतात. आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. मारामारी किती आणि अंगप्रदर्शन किती एवढे मोजून आपण थांबतो. परंतु हे चित्रपट माणसाविषयी काय शिकवतात? कोणाला विदूषक ठरवतात, कोणाला लोभी ठरवतात आणि दुर्बलांची सुटका कोणाच्या हातून घडवतात? ख्रिस्ती मनुष्याने ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

विज्ञानकथा आणि साम्राज्यशाही ह्या एकाच काळात वाढल्या. एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकाची मंगळवासीयांच्या स्वारीवरील कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली. मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी युरोपीय लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवा, असे तो आरंभीच आपल्या वाचकांना बजावतो. ही सदसद्विवेकाची वाणी होय. परंतु तेथेच तो त्या रहिवाशांना हीन वंशांत गणतो आणि ते समूळ नाहीसे झाले असे सांगतो. वास्तविक त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत. अन्यायाचा धिक्कार आहे, पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याविषयीची तुच्छताही आहे. ही दुहेरी वीण पुढे कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटांतही उतरली.

जॉर्ज लुकास ह्यांच्या 'स्टार वॉर्स' मालिकेतील एक चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्यात जार जार बिंक्स नावाचे परग्रहावरचे एक बावळट पात्र आहे. त्याच्या वेड्यावाकड्या चालीत आणि मोडक्या बोलीत कॅरिबियन बेटांवरील कृष्णवर्णीयांची जुनी टवाळी अनेक समीक्षकांना दिसली. भित्र्या व लोभी व्यापाऱ्यांच्या उच्चारांत पूर्व आशियाई लोकांची नक्कल ऐकू आली. गुलाम बाळगणाऱ्या वाटो ह्या बाकदार नाकाच्या सौदागरात यहुद्यांविषयीची जुनी विकृत प्रतिमा दिसली. आपला तसा हेतू नव्हता, असे निर्मात्यांनी सांगितले, आणि ते आम्ही खोटे मानीत नाही. पण साचा मनात आधीच तयार असला की हेतू नसतानाही मूर्ती त्याच आकाराची निघते.

२००९ सालचा 'डिस्ट्रिक्ट नाइन' हा चित्रपट तर वंशभेदाविरुद्धच उभा आहे. जोहान्सबर्गमध्ये अडकलेल्या परग्रहवासीयांना कोंडवाड्यासारख्या वस्तीत ठेवतात आणि तेथूनही हुसकावतात. ह्या कथेमागे खरा इतिहास आहे. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला आणि तेथून ६०,००० हून अधिक माणसांना घालवून देण्यात आले. ह्या वर्णभेदाला तेथील डच रिफॉर्म्ड चर्चने बाबेलच्या बुरुजाच्या कथेचा आधार दिला होता, हे आपण विसरू नये. पुढे १९८२ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेने ओटावा येथे ह्या शिकवणीला पाखंड ठरवले. असा विषय हाती घेणाऱ्या चित्रपटानेही नायजेरियाचे लोक दाखवले ते गुंड, जादूटोणा करणारे आणि मांस भक्षून शक्ती मिळवू पाहणारे असेच. नायजेरियाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली ह्यांनी तो चित्रपट न दाखवण्याची विनंती आपल्या देशातील चित्रपटगृहांना केली. एका अन्यायाविरुद्ध बोलताना दुसऱ्या समाजाचा अपमान होऊ शकतो, हे त्या मंडळींच्या लक्षात आले नसावे.

त्याच वर्षीचा जेम्स कॅमेरॉन ह्यांचा 'अवतार' पाहा. पॅन्डोरा ह्या दूरच्या भूमीवर नावी नावाचे लोक राहतात. त्यांच्या भूमीखालील खनिजासाठी पृथ्वीवरची एक कंपनी सैन्य घेऊन जाते. लुटीचा निषेध इतक्या उघडपणे करणारा महागडा चित्रपट विरळाच. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंध लोकांना त्यात आपली कहाणी दिसली आणि २०१० साली त्यांच्या वतीने कॅमेरॉन ह्यांना मदतीचे आवाहनही करण्यात आले. परंतु चित्रपटात नावी लोकांना सोडवतो कोण? कंपनीबरोबर आलेला जेक नावाचा गोरा सैनिक. यंत्राच्या साहाय्याने तो नावीचे शरीर धारण करतो, तीन महिन्यांत त्यांच्या विद्या शिकतो, त्यांच्या मोठमोठ्या वीरांनाही क्वचितच साधलेला पराक्रम करून दाखवतो आणि सर्व टोळ्यांचा पुढारी होतो. नावी लोक सुंदर आहेत, भाविक आहेत, पण त्याच्यावाचून असहाय आहेत. नियमगिरीवर मात्र निराळे घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१३ साली १२ गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. कोणी परका वीर त्यांच्या पुढे नव्हता.

कोणी म्हणेल, नायक गोरा असला म्हणून काय बिघडले? चांगल्या कामाला रंग का पाहावा? ह्याचे उत्तर प्रभूच्या दाखल्यात आहे. आपला शेजारी कोणाला म्हणावे, असे त्या शास्त्र्याने विचारले. प्रभूला अशी गोष्ट सहज रचता आली असती की, एक शोमरोनी वाटेत जखमी होऊन पडला आहे आणि एका सज्जन यहुद्याने त्याला उचलले. ऐकणाऱ्यांना ती आवडलीही असती. दया आपली, थोरवी आपली आणि शोमरोनी आपला उपकृत! प्रभूने ती उलटी केली. यरीहोच्या वाटेवर पडलेला मनुष्य यरुशलेमेहून निघालेला आहे आणि उचलणारा हात तुच्छ मानलेल्या शोमरोन्याचा आहे. ऐकणाऱ्याला जखमीच्या जागी निजावे लागते. दया करणे त्या मानाने सोपे आहे. ज्याला आपण कमी लेखतो त्याच्या हातून दया स्वीकारणे कठीण आहे, आणि तो आपल्या बरोबरीचा मनुष्य आहे हे तेथेच खऱ्या अर्थाने कबूल होते. ह्या चित्रपटांत नेमका हाच प्रसंग येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपला तारणाराही वरूनच आला आणि त्यानेही देह धारण केला, मग भेद कोणता? जेकचा स्वतःचा देह बराच काळ पेटीत सुरक्षित असतो आणि दिवस संपला की तो परत येतो. शेवटी तो नावीचा देह कायमचा स्वीकारतो हे खरे, पण वीर आणि नेता म्हणून. ख्रिस्त बेथलेहेमात बालक होऊन जन्मला, नासरेथात कष्टकऱ्याच्या घरी वाढला, रोमच्या सत्तेखालील दबलेल्या लोकांपैकीच एक झाला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल त्याच्या दासरूपाविषयी लिहितो. त्याने इतरांवर मात करून तारण केले नाही. शोमरोनी स्त्रीजवळ त्याने प्रथम पाणी मागितले, हेही ध्यानात ठेवावे.

आता आपल्याच घराकडे वळू. शब्बाथ शाळेत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांचे कार्य खरोखर थोर आहे. पण १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात त्यांना मरण आले, येथे बहुधा आपली गोष्ट संपते. पुढे सुसी, चुमा, जेकब वेनराइट आणि इतर आफ्रिकी सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच पुरले आणि देह हजाराहून अधिक मैल वाहून समुद्रकिनाऱ्याला आणला. हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती वेनराइटने. हा तरुण शिकला होता नाशिकजवळच्या शरणपूर येथे, गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनने चालवलेल्या आश्रमात. चुमा मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या मिशन शाळेत शिकला होता. म्हणजे ज्यांना सोडवले म्हणून आपण सांगतो, त्यांनीच सोडवणाऱ्याला खांद्यावर नेले. ही नावे आपल्यातील किती मुलांना ठाऊक आहेत?

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे. चित्रपटाची नुसती बंदी करू नका. तो पाहून आलेल्या मुलांना विचारा : ह्या गोष्टीत नाव कोणाला आहे आणि नुसती गर्दी कोणाची आहे? हसे कोणाचे केले आहे? सोडवणारा कोण आणि सुटणारा कोण? मग हेच प्रश्न आपल्या मिशनरी गोष्टींना आणि नाताळच्या नाटकांनाही लावा. मंडळीत ज्याला आपण सदा मदत घेणाराच समजतो, त्याच्याकडून आपण शेवटचे काय घेतले, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. आणि पुढच्या वेळी लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांगाल तेव्हा ती समुद्रकिनाऱ्यापर्यंत, त्या तीन नावांसह सांगा.