श्वासांची माळ आणि बाळंतिणीचा उंबरठा

वैष्णवजनहो, गळ्यात तुळशीची माळ पडली म्हणजे माणूस बांधला जातो. एकादशीला बांधला जातो, वारीला, नामाला बांधला जातो. हे खरेच आहे. पण बांधलेल्या माणसाने शेजारच्या घरातले रडणे ऐकू नये, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आम्ही वर्षानुवर्षे सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. गाढवाच्या जागी दोन दिवसांचे तान्हे मूल धरून ती कथा ऐकली, तर मान तितक्याच सहज डोलेल काय?

आज आम्हाला एका निराळ्या माळेविषयी बोलायचे आहे. आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. दाट जंगल, गोंड-माडिया लोकांची वस्ती. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य 1986 साली तेथे जाऊन राहिले. त्यांना दिसले की, तान्ही मुले न्यूमोनियाने जातात आणि दवाखाना दूर. श्वास मोजला तर रोग ओळखता येतो; पण मोजणार कोण? गावातल्या सुईणीला अक्षर येत नाही, घड्याळ समजत नाही. तेव्हा त्यांनी मण्यांचे एक साधन केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, बाळाचे पोट पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला की औषध चालू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला तर धोका. मोठ्या बाळाची मर्यादा कमी, म्हणून त्याच्या मण्यांची रांग वेगळी. आम्ही या साधनाला माळच म्हणतो. जिला एक आकडा वाचता येत नव्हता, तिने ती ओढून लेकरे वाचविली. आता सांगा, हा जप नव्हे तर काय?

पुढे 1995 पासून तेथील 39 गावांत, गावातलीच एकेक बाई शिकवून तयार करण्यात आली. ती बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन करी, त्याला उबेत ठेवायला शिकवी, जंतुदोष झाला तर औषध देई. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मरण, जेथे ही सेवा नव्हती त्या गावांच्या तुलनेत, शंभरात बासष्टांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या साप्ताहिकात ते छापून आले. शाळेची चार बुके शिकलेल्या बायांनी हे केले! मोठ्या विद्येवाचून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी (आम्हीही पाठशाळेतलेच, म्हणून म्हणतो) जरा खाली बसून विचार करावा.

सरकारने 2011 पासून हेच काम देशभर आशाताईंकडे दिले. कागदोपत्री ती स्वयंसेविका. दवाखान्यात बाळंतपण झाले असले, तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे. घरीच झाले असले, तर पहिल्या दिवशीही. आणि येथेच आपले घोडे अडते. तिसरा आणि सातवा दिवस सोयरात पडतो. महिन्याच्या आत जी बाळे जातात, त्यांतली चारात तीन पहिल्या आठवड्यातच जातात. म्हणजे ज्या दिवसांत दार उघडे हवे, नेमके त्याच दिवसांत आपण कडी घालतो.

मराठवाड्यातील एका गावी कीर्तनाला गेलो असता, माळकरी घरात आशाताई ओट्यावर बसलेली पाहिली. बाळ आत, ही बाहेर. बाहेरूनच विचारते, ‘दूध ओढतंय का?’ आजीबाई म्हणाल्या, ‘महाराज, धर्म मोडून कसं आत घ्यायचं? पाप कुणाला लागंल?’ आम्ही म्हणालो, ‘आजी, लागलंच तर आमच्या नावावर मांडा.’ मग त्यांनी दार उघडले. बाळाचे पाय गार पडले होते. ताईने ते आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घातले आणि दूध कसे पाजायचे ते दाखविले.

आता शास्त्राचे ऐका. जननाशौच दहा दिवसांचे, हे बरोबर. त्याने देवपूजा, दान, श्राद्ध यांची अडचण होते, औषधपाण्याची नव्हे. उलट वैद्याला सद्यःशौच आहे, म्हणजे कामापुरता त्याला विटाळच नाही, असे मिताक्षरेसारख्या ग्रंथांत स्वच्छ आले आहे. आशाताई त्या घरापुरती वैद्यच. गर्दी दूर ठेवण्याचा सोयराचा जो उपयोग आहे, तो मात्र जरूर पाळा. शेजारणी येऊन बाळाचे मुके घेतात, त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवा. ताईची जात विचारून तिला बाहेर बसविणाऱ्यांशी शास्त्रार्थ करण्याची आमची इच्छा नाही. त्यांनी पंढरीत महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवताना काय मनात आणले होते, तेवढे आठवावे.

आणखी एक. गाईचा चीक आपण हौसेने आणतो, खरवस करतो, गूळ-वेलची घालून वाटतो. आणि आईचा पहिला चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतो! वासराचे ते आपण खावे, आणि आपल्या लेकराचे त्याला देऊ नये? बाळ जन्मले की तासाभरात पाजावे. पहिल्या दिवशी न्हाऊ घालू नये, कोरड्या कापडाने पुसून गुंडाळावे. दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, निपचित पडले, तर अंगारा लावा हवा तर, पण गाडी आधी बोलवा.

गाडगेबाबा 1956 साली गेले. स्वतः निरक्षर, पण त्यांच्या कीर्तनात देवाच्या बरोबरीने खराटा आणि पोरांची शाळा असे. त्या कीर्तनाला कोणी कमी प्रतीचे म्हटले नाही. म्हणून सप्ताह करणाऱ्या मंडळींना आमचे मागणे आहे. काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी, भजन आणि प्रवचन यांच्या मधला अर्धा तास गावच्या आशाताईला द्यावा. तिला व्यासपीठावर खुर्ची द्यावी, बायांना पुढे बसवावे. आणि घरी आली म्हणजे हात धुवायला साबण-पाणी पुढे करून, वजनकाटा अडकवायला आढ्याची मजबूत खुंटी दाखवावी.